सात परस विहीर आणि परवडणारा लेझर सेन्सर: एका शोधाची पूर्ण हकीकत

नाना खडा टाकून विहिरीतलं पाणी ओळखायचे. कठड्याशी उभं राहायचं, खडा सोडायचा आणि ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत मनात मोजायचं. पाणी वीस फुटांवर असलं तर आवाज सेकंदाहून जरासा उशिरा येतो, पस्तीस फुटांवर गेलं तर दीड सेकंदाने. म्हणजे पंधरा फुटांचा सगळा फरक एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात ओळखायचा. नानांचा कान चाळीस वर्षं तयार झालेला आहे, तरी अंदाज दोन-तीन फुटांनी हुकतो हे त्यांनीच सांगितलं.

दोन-तीन फूट म्हणजे किती? आमची विहीर सिन्नर तालुक्यात, सात परस खोल. आमच्याकडे परस सहा फुटांचा धरतात, म्हणजे बेचाळीस फूट. व्यास चोवीस फूट. एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ १२,८०० लिटर आणि एक सेंटिमीटर म्हणजे ४२० लिटर. अंदाज तीन फुटांनी चुकला तर अडतीस हजार लिटर पाण्याचा हिशेब चुकतो. रब्बीच्या कांद्याला एक पाळी पूर्ण होणार की निम्म्या वाफ्यात मोटार बंद करावी लागणार, हे त्याच पाण्यावर ठरतं. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावाचा कल कळायला ते पुरतं, आज रात्री तीन तास मोटार चालेल का हे त्यातून कळत नाही.

नाना माझे धाकटे चुलते. त्यांची मुलगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी पुण्यात नोकरी करतो आणि फावल्या वेळात सर्किटं जोडतो. मागच्या दिवाळीत आम्ही दोघांनी ठरवलं की पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी लिहून ठेवणारं यंत्र बसवायचं. सेन्सर लेझरचा आणि परवडणारा हवा होता. पुढे जे झालं ते सगळं इथे मांडतो, खर्चासकट. छंद म्हणून काम करणाऱ्या माणसाचे पैसे नेमके कुठे वाया जातात ते त्यातून दिसेल.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. नुसती मोटार कोरडी चालू नये एवढंच हवं असेल तर लेझरची गरज नाही. काही शे रुपयांचा फ्लोट स्विच किंवा पाण्यात सोडलेल्या दोन तारा ते काम वर्षानुवर्षं करतात. कारखान्यात अशा जागी पाण्याच्या तळाशी दाब मोजणारा सेन्सर सोडतात. तोही उत्तम, फक्त महाग. आम्हाला पाणी मोजायचं होतं: रात्रीतून किती आलं, दिवसा किती उपसलं, झरे कुठल्या महिन्यात मंदावतात. म्हणून अंतराचा आकडा हवा होता.

ध्वनीचा पर्याय का सोडला

अंतर मोजायचं म्हटलं की पहिलं नाव एचसी-एसआर०४ चं येतं. शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. कागदावर त्याचा पल्ला चार मीटर, म्हणजे तेरा फूट. आमचं पाणी उन्हाळ्यात पस्तीस फुटांवर जातं. त्याचा जलरोधक भाऊ जेएसएन-एसआर०४टी थोडा पुढे जातो, पण पुरेसा नाही. शिवाय ध्वनीचा झोत पसरट असतो. विहिरीच्या बांधकामातून बाहेर आलेले पायरीचे दगड, मोटारीचा पाइप, दोरखंड, जे आधी भेटेल त्यावरून तो परततो. तिसरी अडचण हवेची. वीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत पंचवीस अंशांचा फरक धरला तर दहा मीटरवर चाळीस सेंटिमीटरांहून जास्त चूक होते. तापमान मोजून ती सुधारता येते, पण विहिरीच्या तोंडाशी ऊन आणि तळाशी गारवा असताना कुठलं तापमान धरायचं?

प्रकाशाला हा त्रास नाही. म्हणून लेझर.

साठ रुपयांचा दिवा

बहिणीने पहिली खरेदी तपकीर गल्लीतून करून आणायला सांगितली. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या गल्लीत मी कॉलेजपासून जातो, तिथे नुसतं फिरलं तरी कामाचं काही तरी सापडतं. ‘लेझर सेन्सर’ मागितला तर साठ रुपयांत केवाय-००८ हातात आला. तिने घरी जोडला, लाल ठिपका भिंतीवर पडला आणि तिचा फोन आला, “दादा, हा तर नुसता दिवा आहे.”

ते खरंच होतं. केवाय-००८ हा ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड आहे. तो प्रकाश सोडतो, पण परत आलेला प्रकाश वाचणारं त्यात काहीच नाही. समोर प्रकाशाला प्रतिसाद देणारा रोध ठेवला तर कोणी मधून गेल्याचं कळतं, अंतर कळत नाही. ‘लेझर सेन्सर’ या दोन शब्दांखाली बाजारात चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि स्वस्त शोधणारा माणूस आधी हीच उचलतो. दुकानदाराने फसवलं नव्हतं. मागतानाच मी ‘अंतर मोजणारा’ हे शब्द वापरले नव्हते.

दोन मीटरचा नखाएवढा चमत्कार

दुसरी खरेदी व्हीएल५३एल०एक्स. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा हा सेन्सर २०१६ मध्ये आला आणि छंदवाल्यांचं जग बदललं, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. त्याआधी स्वस्तात मिळायचे ते शार्प कंपनीचे इन्फ्रारेड सेन्सर. ते कोनावरून अंतर काढत, त्यांचा वक्र सरळ करताना डोकं दुखत असे, आणि ऐंशी सेंटिमीटरपर्यंतचा तुकडा दीड मीटरला चालत नसे. व्हीएल५३एल०एक्स मात्र प्रकाश जाऊन यायला लागलेला वेळ खरोखर मोजतो. साडेचार मिलिमीटर लांबीच्या तुकड्यात ९४० नॅनोमीटरचा अदृश्य लेझर आहे आणि प्रकाशाचा एकेक कण टिपणाऱ्या ग्राहकांची, म्हणजे सूक्ष्म डोळ्यांची, जाळी आहे. एक सेंटिमीटर अंतर म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ ६७ पिकोसेकंद, सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाला एक पिकोसेकंद म्हणतात. एवढा वेळ मोजणारी वस्तू आम्हाला २२० रुपयांना मिळाली. ती हातात घेतल्यावर मी बराच वेळ नुसता पाहत होतो.

पण पल्ला दोन मीटर, तोही अंधारात आणि पांढऱ्या पृष्ठभागावर. नेहमीच्या सेटिंगला सव्वा मीटरच्या आसपास. आमच्या विहिरीला त्याचा उपयोग नव्हता आणि हे विकत घेण्याआधी कळायला हवं होतं. घेतलाच आहे तर शिकून घेऊ, म्हणून बहिणीने आठवडाभर त्यावर काम केलं. सेन्सरवर चिकटवलेली पातळ संरक्षक पट्टी काढायची असते, नाहीतर आकडे दोन-चार सेंटिमीटरांवरच अडकतात. समोर काच बसवली तर काचेवरून परतणारा प्रकाश आकडा बिघडवतो, त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागते. दोन सेन्सर एका तारेवर जोडायचे तर दोघांचाही पत्ता ०एक्स२९ असतो, म्हणून एकाला बंद ठेवून दुसऱ्याचा बदलावा लागतो.

याचाच मोठा भाऊ व्हीएल५३एल१एक्स चार मीटरचा. दोघांचीही खरी मर्यादा पल्ल्यापेक्षा झोताच्या रुंदीत आहे. पंचवीस-सत्तावीस अंशांचा शंकू, म्हणजे चार मीटरवर जवळजवळ एकोणीसशे मिलिमीटर रुंद वर्तुळ. ‘लेझर’ म्हटल्यावर मनात सुईसारखी रेघ येते, प्रत्यक्षात हा बॅटरीचा झोत आहे. एल१एक्समध्ये ग्राहकांच्या सोळा गुणिले सोळा जाळीतला चार गुणिले चारचा तुकडाच वापरून दृष्टी पंधरा अंशांपर्यंत आवळता येते, ही त्याची मोठी सोय. घराच्या सहा फुटी सिमेंटच्या टाकीला तो आम्ही नंतर लावला आणि तिथे तो चोख चालतो. रोबोट, हात धुण्याचा नळ, उंची मोजण्याचा खेळ, अशा दोन मीटरच्या आतल्या कामाला दुसरं काही शोधूच नये, असं माझं मत आहे.

टीएफ-लूना आणि पाण्याचा आरसा

आता पैसे मोजायची तयारी केली. बेनवेक कंपनीचा टीएफ-लूना २,१०० रुपयांना घेतला. ८५० नॅनोमीटर, पल्ला आठ मीटर, झोत फक्त दोन अंश. पाच व्होल्टवर चालतो, आकडे वाचणाऱ्या चिपशी जोडायच्या सिरीयल आणि आयटूसी या दोन्ही पद्धती त्याला जमतात, आणि सेकंदाला शंभर वाचनं देतो. त्याच कुटुंबातला टीएफमिनी-एस बारा मीटरचा आहे, पण किंमत जवळपास दुप्पट. वीस फुटांपर्यंत चाचणी घेऊ आणि जमलं तर पुढचा घेऊ, असा हिशेब केला.

तेव्हा एका ओळीकडे दुर्लक्ष झालं, आणि सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे. आठ मीटर हा आकडा ९० टक्के प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागासाठी दिलेला आहे, पांढऱ्या भिंतीसारख्या. १० टक्के परतवणाऱ्या काळपट वस्तूसाठी त्याच कागदावर अडीच मीटर लिहिलेलं आहे. आणि पाणी तर यांपैकी काहीच नाही.

खोलीत भिंतीसमोर लूना सुंदर चालला. पाच मीटरवर आकडा सेंटिमीटरभर इकडेतिकडे. विहिरीवर नेला आणि सगळं कोसळलं. पाणी तेव्हा सोळा-सतरा फुटांवर होतं. आकडा कधी बरोबर यायचा, कधी शून्य, कधी भलताच. लूना अंतराबरोबर परत आलेल्या प्रकाशाची ताकदही सांगतो, आणि ती शंभराच्या खाली असली तर अंतरावर विश्वास ठेवू नये असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. आमची ताकद बहुतेक वेळ शंभराच्या खालीच. वारा पडला की आकडा यायचा, मोटार सुरू झाली की जायचा.

कारण सोपं आहे, पण विहिरीच्या काठावर उभं राहिल्याशिवाय ते मनात उतरत नाही. भिंत प्रकाश सगळीकडे उधळते, त्यातला थोडा सेन्सरकडे परततो. पाणी उधळत नाही. सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला दोनेक टक्के ते आरशासारखं परत पाठवतं आणि बाकीचा आत घेतं. पाणी अगदी स्थिर आणि सेन्सर अगदी ओळंब्यात असेल तर ते दोन टक्के नेमके परत येतात. जरा लहर उठली की आरसा कलतो आणि प्रकाश विहिरीच्या भिंतीवर जातो. आत शिरलेला प्रकाश पाण्यात जिरतो किंवा तळावरून, गाळावरून परततो. पाण्यातून गेलेला प्रकाश संथ जातो, म्हणून सेन्सरला तळ असतो त्याहून लांब वाटतो. स्वच्छ पाण्याच्या विहिरीत लेझर पातळीऐवजी भलताच काही आकडा देतो तो यामुळे.

टीएफमिनी-एस घेतला असता तरी हेच झालं असतं. गार्मिन कंपनीचा चाळीस मीटरचा लायडर-लाइट घेतला असता, जो आमच्या सगळ्या बजेटच्या बाहेर आहे, तरीही. पल्ला वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे समजायला २,१०० रुपये आणि दोन रविवार गेले.

पूजेचा नारळ

पुढचं पाऊल फुकटात पडलं. गावातल्या फर्निचरवाल्याकडे हातात धरायचं लेझर मीटर आहे, ओटे आणि कपाटं मोजायला. तो एका संध्याकाळी घेऊन आला. पाण्यावर धरलं तर तेही माप जमत नसल्याचा इशारा दाखवायला लागलं. पण त्याचा लाल ठिपका डोळ्यांना दिसतो, हा मोठा फरक होता. आम्ही ठिपका पाण्यावर फिरवत होतो आणि नाना बघत होते. विहिरीत दसऱ्याच्या पूजेचा नारळ तरंगत होता. नाना म्हणाले, “त्या नारळावर धरून बघ.”

धरला. ‘टुक’ असा आवाज झाला आणि पडद्यावर ५.११२ मीटर. पुन्हा धरला, ५.११४. नारळ संथ फिरत होता आणि ठिपका त्याच्या सोडणावर बसला की दर वेळी आकडा येत होता.

तिथे कोडं सुटलं. पाण्याकडून प्रकाश परत मागायचाच नाही, पाण्यावर तरंगणारं काही तरी ठेवायचं आणि त्याच्याकडून मागायचा. मोटारीच्या ओढीने ते विहिरीभर भटकू नये म्हणून त्याला एका उभ्या नळीत कोंडायचं. आणि नळी आली की झोत सुईसारखा हवा. लूनाचा दोन अंशांचा झोत बारा मीटरवर चाळीस सेंटिमीटरांहून रुंद होतो, तर चार इंची नळीत तो मध्येच भिंतींना घासणार. म्हणजे लाल ठिपक्याचा, लेझर मीटरच्या जातीचाच सेन्सर हवा.

सगळ्यात संथ तोच कामाचा

लेझर मीटर वेळ मोजत नाही, लय मोजतं. त्यातला लाल प्रकाश सेकंदाला कोट्यवधी वेळा कमीजास्त केला जातो आणि परत आलेला प्रकाश या लयीत किती मागे पडला ते पाहिलं जातं. समजा १०० मेगाहर्ट्झची लय आहे. तिची एक लाट तीन मीटरची, जाऊन-येऊन म्हणून दीड मीटरला एक फेरी पूर्ण होते. फेरीचा साडेसातशेवा भाग ओळखता आला की दोन मिलिमीटरांची अचूकता मिळाली. पण फेऱ्या किती झाल्या हे एकट्या लयीवरून कळत नाही, म्हणून दुसरी संथ लय वापरतात. घड्याळात मिनिटकाटा बारीक हिशेब सांगतो आणि तासकाटा कितवा तास ते सांगतो, तसंच. हे सगळं करायला वेळ लागतो, एका वाचनाला अर्ध्या सेकंदापासून तीन-चार सेकंदांपर्यंत. ड्रोनला हा सेन्सर निरुपयोगी आहे. विहिरीला दहा मिनिटांत एक आकडा पुरतो. म्हणून बाजारात ज्याला ‘संथ’ म्हणून नाकारतात तोच आमच्यासाठी योग्य होता, आणि संथ असल्यामुळेच पल्ल्याच्या मानाने तो स्वस्त होता.

असे सुटे मॉड्युल मिळतात: चाळीस-पन्नास मीटर पल्ला, एक-दोन मिलिमीटर अचूकता, सिरीयल जोडणी. परदेशात काही हौशी मंडळींनी स्वस्त लेझर मीटर उघडून, आतला प्रोग्राम नव्याने लिहून सेन्सर बनवले आहेत. ते काम मला फार आवडतं, पण ते सोल्डरिंगमध्ये मुरलेल्या हातांचं आहे. आम्ही सुटं मॉड्युल घेतलं. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर भारतात बंदी आल्यापासून थेट मागवण्याचा सोपा रस्ता बंद झाला, म्हणून देशातल्याच ऑनलाइन विक्रेत्यांकडे शोधलं. २,६०० रुपयांना मिळालं.

शोधताना जाहिरात कशी वाचायची ते आता आम्हाला जमतं. फोटोत दोन भिंगं दिसायला हवीत, एक बारीक, जिथून किरण निघतो, आणि एक मोठं, जिथे परततो. फक्त एक पितळी नळकांडं आणि तीन पिना दिसल्या तर तो दिवा आहे. काळा चौकोनी ठिपका आणि त्यात दोन छिद्रं, पल्ला दोन किंवा चार मीटर लिहिलेला, तर तो व्हीएल५३ च्या कुळातला, नाव टीओएफ२००सी असो की टीओएफ४००सी. अचूकता मिलिमीटरमध्ये लिहिली असेल आणि एका मापाला लागणारा वेळ सेकंदांत, तर ते लयीवर चालणारं मॉड्युल. सहाशे मीटर पल्ला आणि एक मीटर अचूकता असेल तर ते गोल्फच्या मैदानाचं, त्याच्या वाटेला जाऊ नये. वीजदाबही नीट पाहावा. ही मॉड्युलं बहुधा ३.३ व्होल्टची असतात, पाच व्होल्ट दिले तर लेझर डायोड पहिला जातो. बहिणीने जोडण्याआधी मल्टिमीटरने दोनदा तपासलं, त्याचं मला कौतुक आहे. आकडे वाचून पुढे पाठवणारी आमची ईएसपी३२ ही छोटी संगणक-चिप मुळातच ३.३ व्होल्टची असल्याने जोडी जमली.

नळी, तरंगणारं डबडं आणि पाव अंश

इथून पुढचं काम इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा प्लंबिंगचं होतं आणि सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले.

११० मिलिमीटरच्या, म्हणजे बोलीत चार इंची, वीस-वीस फुटांच्या दोन पीव्हीसी नळ्या जोडल्या. दर फुटाला चारही बाजूंनी भोकं पाडली. ती न पाडता खालचं तोंडच उघडं ठेवलं असतं तर गाळाने ते बुजलं असतं. नळी फक्त वरून क्लॅम्पने टांगली आणि खाली वजन बांधलं, म्हणजे ती आपोआप ओळंब्यात राहते. मधे दगडांना आवळली असती तर वाकली असती.

तरंगणारं लक्ष्य आधी थर्माकोलचं केलं होतं. पाण्यावर छान बसायचं, पण आकडा टेपशी जुळेना, नेहमी काही मिलिमीटर जास्त. थर्माकोल पांढरा दिसतो, तरी लाल प्रकाश त्यात थोडा आत शिरून मग परततो. मग तीन इंची नळीचा वीतभर तुकडा घेतला, दोन्ही तोंडांना टोप्या सोल्व्हंटने पक्क्या बसवल्या आणि वर बिनचकाकीचा पांढरा रंग दिला. रात्री चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी लावावी असं एकाने सुचवलं होतं. लावून पाहिली आणि काढली. एवढा प्रकाश परत आला की ग्राहक दिपून जातो आणि आकडा भरकटतो.

मग किरण सरळ करणं. बारा मीटर खाली पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीत ठिपका ठेवायचा, म्हणजे पाव अंशाहून कमी चूक चालेल. वर एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मॉड्युल बसवून तिला तीन स्क्रू दिले. नाना कठड्यावर ओणवे होऊन नळीत बघत आणि सांगत, “जरा चुलीकडे, आता गोठ्याकडे.” ठिपका दिसत होता म्हणून हे अर्ध्या तासात झालं. अदृश्य इन्फ्रारेड किरणाला हे जमवणं जिकिरीचं झालं असतं. ही मॉड्युलं लेझरच्या सुरक्षा-वर्गवारीत दुसऱ्या वर्गाची, एक मिलिवॉटच्या आतली असतात. तरी मुलांना नळीत डोकावू न देण्याची आणि काम चालू असताना कोणी खालून वर न बघण्याची शिस्त पाळली. साठ रुपयांचा तो दिवा पाच मिलिवॉटचा आहे आणि डोळ्यांना जास्त धोक्याचा, हेही सांगून ठेवतो.

पडताळणीसाठी वजन लावलेला पोलादी टेप नळीशेजारून सोडला. पाच वेगवेगळ्या दिवशी, पाच वेगवेगळ्या पातळ्यांना, जास्तीत जास्त फरक एक सेंटिमीटर. त्यातला बराचसा टेप पाण्याला नेमका कधी टेकला हे ओळखण्याचाच.

जे नंतर बिघडलं

पहिल्या महिन्यात दोन दिवस पाणी सात इंचांवर दिसत होतं. नळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं. आता तोंडाला बारीक जाळी आहे, आणि प्रोग्राम एका वेळी पाच वाचनं घेऊन मधला आकडा ठेवतो. दहा मिनिटांत फुटाहून मोठी उडी दिसली तर खूण करून ठेवतो.

थंडीत पहाटे भिंगावर दव धरायचं. विहिरीतली हवा उबदार आणि दमट, वरचं धातूचं झाकण गार. झाकणाखाली लाकडाची फळी घातल्यावर त्रास बराच कमी झाला, तरी जानेवारीत पहाटे चार ते सात वाजेपर्यंतचे काही आकडे गळालेले आहेत. उन्हाळ्याची काळजी याच्या उलट होती. या मॉड्युलांना चाळीस अंशांपर्यंतच काम करायचं सांगितलेलं असतं आणि आमच्याकडे पत्र्याखाली त्याहून खूप जास्त होतं. म्हणून मॉड्युल कठड्याच्या दोन फूट खाली, सावलीत उतरवलं. विहिरीचा गारवा तिथे कामी आला.

आकडे घरापर्यंत लोरा रेडिओने, म्हणजे थोडी माहिती कमी विजेत लांबवर पाठवणाऱ्या रेडिओने येतात, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला त्यासाठी परवाना लागत नाही. त्यात सांगण्यासारखी अडचण आली नाही.

खर्च असा झाला: मॉड्युल २,६००, ईएसपी३२ ला ४५०, नळ्या, टोप्या आणि क्लॅम्प २,३००, रेडिओची जोडी १,३००, सौर पट्टी, सेल आणि डबा ९००. एकूण ७,५५०. त्याआधी चाचपडण्यात गेलेले २,३८० वेगळे. सेन्सरइतकाच पैसा नळीत गेला. फर्निचरवाल्याचं मीटर आधी आणलं असतं तर ते चाचपडणं टळलं असतं. लांब अंतराचा कुठलाही लेझर घ्यायच्या आधी कोणाकडून तरी मीटर मागून आणा आणि ज्या वस्तूवर किरण पडणार आहे तिच्यावर धरून पाहा, हे मी आता भेटेल त्या माणसाला सांगतो.

आकडे काय सांगतात

पाच अश्वशक्तीची आमची मोटार तासाला साधारण सव्वा ते दीड फूट पाणी खाली नेते. हे पहिल्यांदाच आकड्यात दिसलं. त्याहून महत्त्वाचं दुसरं. मोठा झरा तेवीस फुटांवर, उत्तरेच्या बाजूला काळ्या पाषाणातल्या भेगेत आहे. पाणी त्याच्या खाली असेपर्यंत भरण्याचा वेग जवळजवळ सारखा राहतो. पाणी झऱ्याच्या वर चढलं की वेग मंदावतो, कारण साठलेलं पाणीच झऱ्याला दाबून धरतं. त्यामुळे फेब्रुवारीपासून नानांनी एका दमात चार तास उपसण्याऐवजी दोन पाळ्या केल्या, मधे सहा तासांची उसंत देऊन, म्हणजे पाणी झऱ्याच्या वर फार वेळ तुंबून राहत नाही. विजेचं वेळापत्रक जुळेल त्या दिवशीच हे जमतं. जमतं त्या आठवड्यात दिवसाकाठी फूटभराच्या आसपास जास्त पाणी मिळालेलं नोंदींत दिसतं. हे आमच्या एका विहिरीचं एका हंगामातलं निरीक्षण आहे, दुसऱ्या खडकात वेगळं दिसू शकेल.

सुरुवातीला पडद्यावर मीटर येत होते. नाना रोज बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी लेकीला विचारलं, “हे आठ पूर्णांक काय म्हणजे किती परस?” तिने त्याच रात्री प्रोग्राम बदलला. आता ओसरीवरच्या छोट्या पडद्यावर ‘४ परस २ फूट’ असं उमटतं, आणि नाना चहाचा कप हातात घेऊन आधी तिकडे बघतात, मग मोटारीकडे जातात.